तीन दिवसांची काशी



वसंत व्याख्यानमालेत राजकारण, वाङ्मय, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्यांच्या पंक्तीला आज मी जो विषय आणून बसवीत आहे, तो पुष्कळसा प्रापंचिक आहे. चार-पाच दिवसांची रजा मिळाली आहे, खिशात बेताचे पैसे आहेत, बरोबर घरातले एखादे वडीलधारे माणूस आणि एक-दोन मुले आहेत, आणि काशी पाहावयाची आहे; तर ती कशी पाहावी, एवढाच माझा प्रश्न. परंतु एखादे जुने, गजबजलेले नगर थोड्या वेळात पाहावयाचे म्हणजे काय घ्यावयाचे आणि काय सोडावयाचे हे आधी ठरविणे आले. हा निवाडा आपण करीत नाही म्हणूनच पुष्कळांची काशी पाहूनही पाहायची राहून जाते. तेव्हा विषय प्रापंचिक असला तरी अगदीच क्षुल्लक नाही, असे समजून आपण मला तासभर सांभाळून घ्यावे.

‘काशीस जावे, नित्य वदावे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. काशीस जाण्याचा नुसता उच्चार केला तरी पुण्य, असा तिचा अर्थ करतात. ही म्हण ज्या काळात रूढ झाली त्या काळात उच्चारावरच समाधान मानणे भाग होते. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्य मिळवावे म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले, आणि बंडाच्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यातच सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापले गेले. ते वाचले म्हणजे त्या काळी घरून निघालेला माणूस केव्हा आणि कोणत्या अवस्थेत परतेल याचा काही नेम नव्हता, हे ध्यानात येते. पुढे १८७० साली मुंबईकडून गेलेली रेल्वे आणि प्रयागकडून आलेली रेल्वे जबलपुरास मिळाली, आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली. आज मुंबईहून आगगाडीने एक दिवस आणि वर काही तास, विमानाने गेल्यास दोन-सव्वादोन तास, एवढीच काशी लांब आहे.

पण यातून एक गंमत झाली आहे. पूर्वी काशीला पोहोचणे कठीण होते, आणि एकदा पोहोचले की माणूस महिना-दोन महिने राहत असे. त्यामुळे शहर पाहण्यासाठी वेगळे नियोजन करावे लागत नसे. आता पोहोचणे सोपे झाले आणि राहणे दुर्मिळ झाले. म्हणजे पूर्वी नियोजन वाटेचे करावे लागे, आता मुक्कामाचे करावे लागते. आपण मात्र अजून वाटेचेच करतो. तिकिटे दोन महिने आधी काढण्याची खटपट करतो आणि तिथे उतरल्यावर दिवस कसा घालवावयाचा हे रिक्षावाल्यावर सोपवतो.

सामान्यतः होते काय? एवढे लांब जातोच आहोत तर प्रयाग करू, अयोध्या करू, गयाही करू, असे म्हणत यादी वाढत जाते. काशीपासून प्रयाग सव्वाशे किलोमीटर, अयोध्या दोनशेच्या वर, गया अडीचशेच्या घरात. पाच दिवसांत ही चार क्षेत्रे ‘करणारा’ मनुष्य वास्तविक पाहता एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे मोटारीची खिडकी. काशीच्या वाट्याला एक संध्याकाळ आणि एक सकाळ येते. संध्याकाळी आरती, सकाळी दर्शनाची रांग, की गंगेत घोडे न्हाले! परत आल्यावर काय पाहिले असे विचारले तर ‘फार गर्दी आहे हो’ याच्यापलीकडे सांगण्यासारखे काही नसते.

म्हणून पहिला हिशेब वेळेचा करू. तीन दिवस म्हणजे बहात्तर तास, हा हिशेब खोटा आहे. काशीत दुपार ही पाहण्याची वेळ नव्हे. वर्षातले निदान सात-आठ महिने तिथे दुपारचे ऊन जाचते, घाटांचा दगड तापतो, माणसे घरात आणि दुकानांच्या सावलीत शिरतात. उपयोगाची वेळ म्हणजे उजाडल्यापासून दहापर्यंत, आणि चार वाजल्यापासून रात्रीपर्यंत. तीन दिवसांत असे सहा तुकडे आपल्या हाती लागतात. तीन सकाळी आणि तीन संध्याकाळी. या सहा तुकड्यांत काय बसते तेवढेच आपले; बाकीची काशी पुढच्या खेपेला. एवढे मनाशी पक्के केले की निम्मे नियोजन झाले.

आता उरलेले निम्मे. या सहा तुकड्यांत घालावयाचे काय? यासाठी नवे मार्गदर्शक शोधण्याची गरज नाही, कारण काशीला येणाऱ्या माणसाचा वेळ आणि त्याची शक्ती पाहून यात्रेचे आराखडे आखून देण्याचे काम आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वीच केलेले आहे. सोळाव्या शतकात काशीत नारायणभट्ट नावाचे मोठे धर्मशास्त्री होऊन गेले. त्यांचे घराणे मूळचे आपल्या पैठणचे. वडील रामेश्वरभट्ट काशीला जाऊन राहिले. शिवछत्रपतींना १६७४ साली राज्याभिषेक करणारे गागाभट्ट ते याच घराण्यातले. नारायणभट्टांनी ‘त्रिस्थलीसेतु’ नावाचा ग्रंथ लिहिला. प्रयाग, काशी आणि गया या तीन स्थळी गेलेल्या यात्रेकरूने काय करावे, याचा तो ग्रंथ आहे. याशिवाय स्कंदपुराणातील काशीखंड आहेच. या परंपरेत लांब यात्रा आहेत तशाच आखूडही आहेत. ज्याच्या पायात बळ आहे आणि हाताशी सवड आहे त्याच्यासाठी पंचक्रोशी, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटरांची प्रदक्षिणा, पाच मुक्कामांची. आणि ज्याला तेवढे जमत नाही त्याच्यासाठी पंचतीर्थी, म्हणजे नदीकाठची पाच तीर्थे, एका दिवसाची. थोडक्या वेळात काशी करणे यात कमीपणा आहे असे त्या जुन्या शास्त्र्यांनासुद्धा वाटले नाही. त्यांनी फक्त एवढे पाहिले की, थोडे करायचे तर ते नीट निवडलेले असावे.

ही पाच तीर्थे अशी: अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका. श्रद्धाळू माणूस ती स्नानासाठी करतो. परंतु ज्याला केवळ शहर समजून घ्यावयाचे आहे, त्यालाही यापेक्षा चांगला आराखडा सापडावयाचा नाही, असे माझे मत आहे. त्याचे कारण काशीच्या भूगोलात आहे.

हिमालयातून समुद्राकडे जाणारी गंगा काशीपाशी वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. शहर वसले आहे ते तिच्या पश्चिमेकडच्या उंच काठावर; समोरचा पूर्वेचा काठ वाळूचा आणि जवळजवळ मोकळा. त्यामुळे सकाळचा सूर्य समोरच्या वाळवंटावरून उगवतो तो थेट घाटांच्या तोंडावर. दक्षिणेला अस्सी, उत्तरेला वरणा नदीचा संगम, आणि मध्ये धनुष्याच्या आकाराचा सहा-सात किलोमीटरांचा काठ. त्यावर चौऱ्याऐंशी घाट सांगतात. शहराचे सगळे तोंड नदीकडे आहे. बाजाराच्या बाजूने शिरणारा मनुष्य या शहरात मागल्या दाराने शिरतो. म्हणून पहिली सकाळ नदीवर घालवावी.

आपल्या लोकांसाठी इथे एक सूचना. काशी मुंबईच्या पूर्वेला सुमारे दहा रेखांश आहे, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. म्हणजे आपल्याकडच्यापेक्षा तिथे सूर्य सुमारे चाळीस मिनिटे आधी उगवतो आणि संध्याकाळही तितकीच लवकर होते. मुंबई-पुण्याच्या सवयीने ‘सहाला उठू’ म्हणणारा उन्हाळ्यात घाटावर पोहोचतो तेव्हा सूर्य चांगला वर आलेला असतो. तेव्हा सूर्योदयाची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी आणि त्याच्या अर्धा तास आधी अस्सीवर असावे.

नाव अस्सीवरून करावी आणि आदिकेशवापर्यंत ठरवावी. पुष्कळ नावाडी मणिकर्णिकेवरून परत फिरतात. म्हणून जाण्याचे ठिकाण, परतीचे ठिकाण आणि पैसे या तीनही गोष्टी पाय नावेत ठेवण्यापूर्वी बोलून घ्याव्या. अस्सीहून निघाले की प्रवाह आपल्या बाजूचा असतो, डाव्या हाताला घाट आणि उजव्या हाताला उगवता सूर्य. अस्सीच्या जवळच तुलसीघाट. गोस्वामी तुलसीदास तिथे राहिले आणि १६२३ साली काशीतच वारले. मागे भदैनी हा भाग, तिथे झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान म्हणून स्मारक आहे. त्यांचे वडील मोरोपंत तांबे चिमाजी आप्पांच्या पदरी काशीत होते. पुढे चेतसिंहाचा किल्ला. १७८१ साली वॉरन हेस्टिंग्जने राजाला इथेच अटकेत ठेवले आणि राजा नदीच्या बाजूने निसटला. मग हरिश्चंद्र घाट, मग दशाश्वमेध. हा घाट अठराव्या शतकात पेशव्यांनी बांधविला आणि पुढे अहल्याबाई होळकरांनी वाढविला. त्याच्या आसपास अहल्याबाईंचा घाट आहे, सवाई जयसिंहाची वेधशाळा असलेला मानमंदिराचा वाडा आहे, पुढे मणिकर्णिकेच्या पलीकडे शिंद्यांचा घाट, आणि नागपूरकर भोसल्यांचा घाटही याच काठावर आहे. शिंद्यांचा घाट बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास बांधविला, आणि तो इतका अवजड झाला की खचला. त्याच्या लगतचे रत्नेश्वराचे देऊळ आजही एका बाजूला कललेले दिसते.

ही नावे ऐकून मराठी माणसाची छाती थोडी फुगते, आणि ती फुगावी. परंतु त्यातून जी दुसरी गोष्ट सिद्ध होते ती अधिक महत्त्वाची आहे. काशीचा हा जो दगडी देखावा आपण पाहतो तो मोठ्या प्रमाणावर अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतला आहे. पुढे राजघाटच्या पठारावर १९४० नंतर जी उत्खनने झाली, त्यांत ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमारापर्यंत जाणारी वस्ती सापडली. म्हणजे जुनी आहे ती वस्ती; दगड त्या मानाने तरुण आहेत. इथे अडीच हजार वर्षांहून अधिक काळ माणसे नदीवर येत आहेत, न्हात आहेत, विणत आहेत, वाद घालीत आहेत, मृतांना पोहोचवीत आहेत. जुनेपणा आहे तो या चालण्याबोलण्यात. म्हणून काशीत इमारतींची यादी करून ती पुरी करण्यात अर्थ नाही. माणसे जिथे काही करीत असतात तिथे त्या वेळी आपण असावे, हे नियोजनाचे सूत्र.

राजघाटाजवळ गंगेवरचा मोठा पूल लागतो. तो १८८७ साली खुला झाला. डफरिन पूल हे त्याचे जुने नाव. स्वातंत्र्यानंतर त्याला पंडित मालवीयांचे नाव दिले. पुलाच्या पलीकडे आदिकेशव. तिथे चिटपाखरू नसते म्हटले तरी चालेल, आणि जुनी काशी कशी असेल याची कल्पना इथल्याच शांततेत येते. परतताना पंचगंगा आणि मणिकर्णिका. पहिली सकाळ इथे संपली आणि पाचही तीर्थे एकदा डोळ्यांखालून गेली.

पहिल्या संध्याकाळी दशाश्वमेधावरची गंगा-आरती पाहावी. आज जी थाटाची सामुदायिक आरती होते तिचे हे रूप १९९० च्या दशकापासूनचे आहे. ती नवी आहे म्हणून तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण तीच सारी काशी असेही समजू नये. तासभर आधी जाऊन बसावे. ज्यांना पायऱ्या उतरवत नाहीत त्यांनी अस्सीची आरती पाहावी. तिथे गर्दी त्या मानाने कमी असते.

दुसरी सकाळ विश्वनाथाची. या देवळाचा इतिहास दोन वाक्यांत सांगावयाचा तर असा: सोळाव्या शतकाच्या अखेरीस नारायणभट्टांच्या प्रेरणेने आणि तोडरमलाच्या साहाय्याने ते उभे राहिले, १६६९ साली औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले, आणि आज आपण ज्यात दर्शन घेतो ते देऊळ अहल्याबाईंनी १७८० साली बांधविले. शिखरावरचे सोने महाराजा रणजितसिंहांचे, आणि ज्ञानवापीच्या विहिरीवरचा मंडप बायजाबाईंचा. शेजारच्या मशिदीविषयीचे वाद न्यायालयापुढे आहेत. ते रांगेत उभे राहून आपण सोडवू नयेत. डिसेंबर २०२१ मध्ये देवळापासून नदीपर्यंतचे नवे प्रशस्त आवार खुले झाले. त्यासाठी मधली दाट वस्ती आणि गल्ल्या काढण्यात आल्या. म्हणून वडिलांनी किंवा आजोबांनी सांगितलेल्या खुणा तिथे शोधू नयेत. मोबाइल आत नेता येत नाही, तो मुक्कामीच ठेवून जावा. सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र हे दिवस ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी टाळावेत.

दुसरी संध्याकाळ मी एकट्या पंचगंगा घाटाला देईन. पुष्कळांना हे आश्चर्याचे वाटेल, कारण बहुतेक सहलींत हे नावही नसते. पण उभ्या हिंदुस्थानात एवढ्या थोड्या पायऱ्यांवर एवढा इतिहास क्वचितच सापडेल. कबीराला रामानंदांचा मंत्र याच पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात मिळाला अशी कथा आहे. वर औरंगजेबाच्या काळातली मशीद आहे. तिथे पूर्वी बिंदुमाधवाचे विशाल देऊळ होते. त्या मशिदीच्या उंच मनोऱ्यांना लोक ‘माधवराव का धरहरा’ म्हणत. ते मनोरे आता नाहीत. बिंदुमाधवाचे आजचे साधे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविले. जवळच्या बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खान तरुणपणी सनईचा रियाज करीत. त्यांचे देहावसान २००६ साली झाले. आणि दुर्गाघाट, ब्रह्माघाट या लगतच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. दारावर आपटे, पाठक, दीक्षित असली ओळखीची आडनावे दिसली तर दचकू नये. एकनाथांनी आपले भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीतच पुरे केले. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक बाबूराव विष्णु पराडकर याच शहरात वाढले आणि हिंदी वृत्तपत्राला वळण लावून गेले. मराठी माणूस काशीला जाऊन नुसता दान देऊन परतला नाही. तो तिथलाही झाला. हे कळण्यासाठी गल्ल्यांतून दोन तास पायी हिंडले पाहिजे. नावेतून ते कळत नाही.

तिसरी सकाळ सारनाथची. अंतर सुमारे दहा किलोमीटर. इथे एका वाराची काळजी घ्यावी: तिथले वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असते, आणि सारनाथला जाऊन संग्रहालय न पाहणे म्हणजे निम्मे सारनाथ न पाहणे. १९०५ साली उत्खननात सापडलेले अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष तिथे आहे. २६ जानेवारी १९५० पासून ते आपले राष्ट्रचिन्ह झाले, आणि खिशातल्या प्रत्येक नाण्यावर आपण ते घेऊन फिरतो. मुलांना नाणे हातात देऊन त्या सिंहांसमोर उभे करावे. पाठ्यपुस्तकातला एक धडा वाचण्याचे श्रम वाचतील. बाहेर शंभर फुटांहून उंच असा धामेक स्तूप उभा आहे. त्याच्या जोडीचा धर्मराजिक स्तूप मात्र पायापुरताच उरला आहे. शहरातल्या बांधकामाला विटा हव्या होत्या, म्हणून तो १७९४ साली खणून काढण्यात आला. आणि याच शहरात पुढे १८२० ते १८३० या काळात टांकसाळीवर नोकरीला असलेल्या जेम्स प्रिन्सेपने नगराचा नकाशा तयार केला, गटार बांधले, आणि मग कलकत्त्यास गेल्यावर १८३७ मध्ये अशोकाची ब्राह्मी लिपी वाचली. एकाने विटा नेल्या आणि दुसऱ्याने अक्षरे परत दिली.

तिसरी संध्याकाळ मुद्दाम रिकामी ठेवावी. ज्या नियोजनात एकही रिकामा तुकडा नाही ते नियोजन पहिल्याच पावसाने किंवा उशिरा आलेल्या गाडीने कोलमडते. काही अडले नाही तर ती संध्याकाळ आपल्याला बक्षीस मिळाली असे समजावे. जी जागा मनात राहिली असेल तिथे परत जावे. घरात लग्न असेल तर शालू पाहावा. मराठी लग्नातला शालू मदनपुऱ्यासारख्या मोहल्ल्यांतल्या विणकरांच्या हातून येतो, आणि बनारसी विणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. शालू घेताना तो उलटा करून पाहावा. ज्या विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणली जाते, जिला तिकडे कढुआ म्हणतात, तिच्या मागच्या बाजूला सुटे लोंबणारे धागे नसतात. हे काम वेळखाऊ असते, म्हणून महाग असते. ते स्वस्तात मिळाले तर शंका घ्यावी.

आता काही फुटकळ पण उपयोगाच्या गोष्टी. जाण्याचा काळ कार्तिकात किंवा माघ-फाल्गुनात निवडावा. श्रावण-भाद्रपदात नदीला पूर असतो, घाट पाण्याखाली जातात आणि नावा बंद ठेवाव्या लागतात. पौषातल्या धुक्यात गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. कार्तिकी पौर्णिमेच्या देवदीपावलीला शोभा अपूर्व, पण राहण्याची जागा मिळणे मुष्किलीचे. तिकीट काढताना स्टेशनाचे नाव दोनदा वाचावे: ‘वाराणसी जंक्शन’ हे एक, पूर्वीचे मंडुवाडीह ते २०२१ पासून ‘बनारस’ हे दुसरे, आणि नदीपलीकडचे मुगलसराय, ज्याचे नाव २०१८ साली दीनदयाळ उपाध्याय असे झाले, ते तिसरे. मुक्काम शक्यतो अस्सीच्या बाजूला करावा. तिथे वाहन बरेच जवळ जाते. मधल्या घाटांवरच्या घरांतून गंगेचे दर्शन सुरेख होते खरे, पण सामान डोक्यावरून न्यावे लागते.

दोन गोष्टी मात्र मी फुटकळ म्हणून सांगणार नाही.

पहिली मणिकर्णिकेविषयी. तिथे रात्रंदिवस चिता पेटलेल्या असतात. नावेतून जाताना लोक उभे राहतात, मोबाइल काढतात, मुलांना बोट करून दाखवतात. त्या चितेजवळ उभा असलेला मनुष्य कुणाचा तरी मुलगा असतो. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण घटकेला तो तिथे उभा असतो. तो प्रवासाला आलेला नसतो. आपल्या गावच्या स्मशानात आपण जसे वागतो तसे तिथे वागावे: बोलणे थांबवावे, छायाचित्र घेऊ नये. मुलांनी विचारले तर खरे उत्तर द्यावे. या एका घटकेच्या वागणुकीवरून आपण शहर पाहायला आलो आहोत की शहराचा खेळ पाहायला, हे ठरते.

दुसरी गोष्ट वडीलधाऱ्या माणसांविषयी. आपल्यापैकी पुष्कळांना काशीला जाण्याचे खरे निमित्त आई असते. तिचे वय सत्तर-पंचाहत्तर झालेले असते आणि गुडघे दुखत असतात. ‘एकदा काशी घडू दे’ असे ती वीस वर्षे म्हणत आलेली असते. आपण काय करतो? सगळे बेत आपण ठरवतो, आणि तिला एक सामान असल्यासारखे बरोबर घेतो. ती रांगेत उभी राहते, पायऱ्या चढते, उतरते, आणि मुलाचा एवढा खर्च होतो आहे म्हणून तोंडातून ब्र काढत नाही. निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे तिच्याजवळ बसून ‘आई, तुला तिथे काय करायचे आहे?’ एवढे विचारणारी माणसे फार थोडी. विचारले तर उत्तर बहुधा अगदी लहान निघते. कुणाला गंगेत पाय सोडून तासभर बसायचे असते. कुणाला नवऱ्याच्या नावाने एक दिवा सोडायचा असतो. कुणाला शेजारणीसाठी गंगेचा गडू भरून आणायचा असतो. सहा तुकड्यांतला एक तुकडा त्या एका इच्छेसाठी आधी बाजूला काढावा, आणि मग उरलेल्या पाचांत सारनाथ, आरती, शालू जे बसेल ते बसवावे. काही सुटले तर सुटू द्यावे. सारनाथला आपण पुन्हा जाऊ शकतो. आईची काशी बहुधा एकदाच होते.

तात्पर्य, मोठे शहर थोड्या दिवसांत पाहता येते. मात्र त्यातले थोडेच पाहण्याची तयारी हवी. जुन्या शास्त्र्यांनी पाच तीर्थे निवडली, आपण सहा तुकडे निवडू. त्यांनी माणसाची शक्ती पाहिली, आपण बरोबरच्या माणसाची इच्छाही पाहू. उन्हाळ्याची सुटी आता सुरूच आहे. या दिवसांत तिकडे जाऊ नये हे मी सांगितलेच, पण बेत करायला आणि घरच्यांना विचारायला हाच काळ चांगला. कार्तिकाला अजून सहा महिने आहेत. तोवर नित्य वदावे, आणि मग जावे.